कमलासागरचा बॉर्डर हाट, त्रिपुरा: सविस्तर रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. त्रिपुरा फिरायला जाणार असाल, हाटाच्या दिवशी अगरतळ्यात असाल आणि हाट चालू असेल तर कमलासागरचा बॉर्डर हाट बघाच. लोक उनाकोटी आणि नीरमहाल बघून परत येतात, पण या बाजारात अर्धा दिवस घालवलात तर तो भाग जितका कळेल तितका बाकी कुठेच कळणार नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण आत्ताच सांगते की तो तिथल्या दुकानदारांसाठी कापलेला नाही. त्या माणसांना मी पाचपैकी पाचच देईन, स्टार कापलाय तो नियमांसाठी, कारण नियम करताना फारच हात आखडता घेतलाय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारत आणि बांगलादेशच्या बरोब्बर सीमेवर, म्हणजे अक्षरशः झिरो लाईनवर, दोन्ही देशांची थोडी थोडी जमीन घेऊन एक चौक आखलाय, मूळ करारात साधारण ७५ मीटर बाय ७५ मीटर असा आकार ठरला होता. चारी बाजूंनी कुंपण आणि दोन गेटं, एक भारताकडून आणि एक बांगलादेशाकडून. आठवड्यातून एक दिवस दोन्ही गेटं उघडतात, दोन्हीकडचे विक्रेते आपापल्या शेडखाली माल मांडतात आणि दोन्हीकडची गिऱ्हाईकं आत येऊन खरेदी करतात. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, मालावर कस्टम ड्युटी नाही, रुपये चालतात, बांगलादेशचं चलन टाका चालतं, आणि नियमाप्रमाणे मालाच्या बदल्यात मालही चालतो. दुपार कलली की सगळे ज्या गेटाने आले त्याच गेटाने परत, आतूनच पलीकडच्या देशात जाता येत नाही.

आपल्याकडचा आठवडी बाजार डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या मधोमध दोन देशांची हद्द जाते असं समजा, म्हणजे कल्पना येईल.

मी गेले होते ते कोविडच्या आधीच्या हिवाळ्यात. लिहायचं राहूनच गेलं होतं पण त्रिपुरा प्लॅन करणारे ओळखीतले लोक सारखे विचारतात की तिथे खरंच काही आहे का की नुसतं गाजवलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पोचणं सोपं आहे. अगरतळ्यापासून तीसेक किलोमीटरच्या आत, सिपाहीजला जिल्ह्यात, गाडी करून तास-दीड तासात आरामात जाता येतं. कमलासागर म्हणजे मोठं तळं आणि त्याच्या काठावर टेकडीवर कालीचं जुनं मंदिर, त्रिपुराच्या माणिक्य राजांच्या काळातलं, लोक त्याला कसबा कालीबाडी म्हणतात. मंदिराच्या पायऱ्यांवर उभं राहिलात की समोर कुंपण आणि कुंपणाच्या पलीकडे बांगलादेशातलं कसबा दिसतं, आणि नशीब असेल तर ढाका-चट्टग्राम लाईनवरची गाडी जाताना दिसते, इतकी ती रेल्वेलाईन सीमेला चिकटून आहे. तळ्याजवळ त्रिपुरा टुरिझमचं कुमिल्ला व्ह्यू नावाचं लॉज आहे, कुमिल्ला म्हणजे पलीकडचं बांगलादेशातलं शहर, त्यामुळे नावावरूनच कळतं की बघायचंय काय ते. फाळणीच्या आधी हा सगळा एकच भाग, एकच बाजारपेठ, एकच नातेवाईक, आणि मग १९४७ ला मधून रेघ गेली. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असते पण त्या पायऱ्यांवर उभं राहून बघणं वेगळंच.

हाट त्या मंदिरापासून जवळच. ६ जून २०१५ ला उद्घाटन झालं, तेव्हा मोदी ढाक्याच्या दौऱ्यावर होते आणि बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांबरोबर तिथूनच व्हिडिओवरून केलं. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण त्रिपुरात श्रीनगरचा हाट सुरू झाला होता, तो पलीकडे फेनी जिल्ह्यातल्या छागलनाइयाला लागून. त्याच्याही आधी मेघालयात दोन सुरू झाले होते, कलाईचर २०११ मध्ये आणि बालाट २०१२ मध्ये. म्हणजे कमलासागर हा चौथा.

पासबद्दल नीट वाचा कारण इथेच लोक अडकतात. हाट मुळात पर्यटकांसाठी नाहीये. तो सीमेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी आहे, विक्रेतेही त्याच पट्ट्यातले आणि गिऱ्हाईकंही त्याच पट्ट्यातली, त्यांना फोटो असलेली कार्डं दिलेली असतात. बाहेरच्या माणसाला त्या दिवसापुरता पास मिळू शकतो पण तो मर्यादित असतो आणि ओळखपत्र लागतंच. मला एका गाडीवाल्याने सांगितलं होतं की काही लागत नाही, सरळ सोडतात, आणि आम्ही भर उन्हात बराच वेळ रांगेत उभे राहिलो. म्हणून आदल्या दिवशी प्रशासनाकडे चौकशी करा, ओरिजिनल ओळखपत्र जवळ ठेवा आणि सकाळी लवकर पोचा. गेटवर बीएसएफची तपासणी होते, पिशव्या उघडून बघतात, मोबाईल-कॅमेऱ्याचं काय ते तिथेच विचारून घ्या आणि सांगितलेलं ऐका, कारण थोड्याच पावलांवर दुसऱ्या देशाचं गेट आहे आणि तिथे बीजीबीचे, म्हणजे बांगलादेशच्या सीमा दलाचे, जवान उभे आहेत.

आत शिरल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं तर गलका. बाहेर इतका कडक बंदोबस्त आणि आत एकदम भाव करण्याचा आवाज, आणि दोन्हीकडून एकच भाषा. बंगालीच, हेल थोडा वेगळा असेल पण कोण कुठलं हे मला तरी बोलण्यावरून कळत नव्हतं, कुठल्या बाजूच्या शेडखाली बसलाय त्यावरूनच काय ते कळायचं.

बांगलादेशच्या बाजूला काय मिळतं: मेलामाईनची ताटं-वाट्या, प्लास्टिकच्या बादल्या, डबे, स्टुलं, लुंग्या, गमछे, तयार कपडे, बिस्किटं, चिवड्यासारखा चनाचूर, फळांचे रस, हंगामातली फळं, आणि शुटकी म्हणजे सुकी मासळी जिचा वास गेटापासून येतो आणि जी घ्यायला त्रिपुरातल्या बायका सगळ्यात आधी धावतात. प्राण कंपनीचा खाऊ तर भरपूर. बांगलादेशचं प्लास्टिक आणि मेलामाईन खरंच चांगलं असतं, मी घेतलेली ताटं अजून वापरात आहेत, रंग गेला नाही की टवका उडाला नाही. गमछाही घेतला, कापड सुरुवातीला कडक वाटतं पण दोन धुण्यांत मऊ पडतं. कपड्यांमध्ये मात्र शिलाई उलटून बघून घ्या, काही माल अगदी साधारण होता.

भारताच्या बाजूला काय: मसाले, जिरं, चहा, साबण, शाम्पू, क्रीम, पावडर, दुधाची पावडर, लहान मुलांचं खाणं, डायपर, चॉकलेटं, साड्या, चपला. तुम्हाआम्हाला यात बघण्यासारखं काही नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं तेच. पण गर्दी कुठे होती म्हणाल तर तिथेच, बांगलादेशातून आलेली माणसं पिशव्याच्या पिशव्या भरत होती. भारतीय कंपन्यांच्या कॉस्मेटिक्सना आणि दुधाच्या पावडरीला तिकडे प्रचंड मागणी आहे, आणि तिकडच्या दुकानात तोच माल आयात शुल्क आणि मधले दलाल यांच्यामुळे महाग पडतो, शिवाय खरा की बनावट ही शंका असतेच. इथे समोरासमोर घेता येतो म्हणून लोक लांब रांगा लावतात.

आता त्या मालाचा विचार करा जरा. साबण, जिरं, दूध पावडर, साडी, लुंगी, सुकी मासळी. हाच माल हाट व्हायच्या आधीही सीमा ओलांडतच होता, फक्त रात्री. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे, त्यातले ८५६ किलोमीटर एकट्या त्रिपुराला लागून, म्हणजे त्रिपुराला तीन बाजूंनी बांगलादेशच आहे. घरं, शेतं, तळी यांच्यामधून जाणारी सीमा, ती प्रत्येक ठिकाणी कोण कशी राखणार? आणि गरज तर दोन्हीकडे आहे. मग काय व्हायचं, तर एखादा पोरगा डोक्यावर गाठोडं घेऊन अंधारात पलीकडे जायचा, त्याला मजुरी मिळायची थोडीशी, जोखीम सगळी त्याची, पकडला गेला तर मार किंवा तुरुंग आणि कधी गोळीसुद्धा, आणि नफा जायचा तो घरात बसलेल्या माणसाला. ज्या बाईने तिकडे मसाला विकत घेतला तिलाही तो महागच पडायचा कारण मधल्या प्रत्येकाचा हात ओला करावा लागायचा.

हाटाने नेमकं हे तोडलंय. पाव किलो जिऱ्यासाठी किंवा दोन साड्यांसाठी रात्री कुंपणाशी झटायचं कशाला, जर त्याच आठवड्यात उजेडात, पोलिसांच्या समोर, ड्युटी न भरता तोच माल मिळतोय? रोजच्या वापरातल्या स्वस्त मालाची तस्करी ही मुळात नफ्यापेक्षा नाइलाजावर चाललेली असते, कायदेशीर रस्ता चालत जाण्याच्या अंतरावर आला की माणूस आपणहून तो घेतो. मला या बाजारात सगळ्यात जास्त पटलं ते हेच. जास्त जवान उभे करून जे होत नाही ते पन्नास शेड आणि एक तपासणीचं टेबल करतं. अर्थात सगळी तस्करी यानं थांबते असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. गुरं, नशेसाठी विकल्या जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, ड्रग्ज, त्यातल्या टोळ्या आणि पैसा वेगळाच, त्यांना हाटाचं काही देणंघेणं नाही. पण साध्या गरीब माणसाला त्या टोळ्यांच्या हाताखाली जायची जी एक वाट होती ती अरुंद होते, आणि हे काही छोटं काम नाही.

रोजगाराचं म्हणाल तर तिथे बसलेल्या माणसांशी थोडं बोला, लगेच कळतं. भारताच्या बाजूला एक दादा भेटले, आधी मिळेल ती रोजंदारी करायचे, हाटात गाळा मिळाला आणि एका दिवसाच्या विक्रीवर घरातलं बरंचसं भागायला लागलं असं म्हणत होते. बांगलादेशच्या बाजूला प्लास्टिक विकणारे एक चाचा होते, त्यांना मी मराठीमिश्रित हिंदीत विचारत होते आणि ते बंगालीत उत्तर देत होते, तरी आमचं व्यवस्थित चाललं होतं. मी भाव कमी करा म्हटलं तर त्यांनी कमी केला नाही, वर एक छोटा डबा टाकला पिशवीत आणि म्हणाले, "निये जान, दीदी," म्हणजे घेऊन जा, ताई. आणि फक्त गाळेवाल्यांचंच पोट चालतं असं नाही, माल वाहून आणणारे हमाल, गेटापर्यंत सोडणारे रिक्षावाले, बाहेर चहा-पुरीच्या टपऱ्या, सगळ्यांचा तो दिवस बरा जातो.

अजून एक गोष्ट आहे जी कुठल्याच हिशोबात धरत नाहीत. हाटात माणसं खरेदीला येतात तशी भेटायलाही येतात. एका शेडच्या कडेला दोन म्हाताऱ्या बायका चटईवर बसल्या होत्या, एक इकडची एक तिकडची, मध्ये डबा उघडलेला, आणि दोघींनी काहीही विकत घेतलेलं दिसत नव्हतं. शेजारच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला बहिणी आहेत, दर हाटाला येतात. पासपोर्ट-व्हिसाचा खर्च, कागदपत्रं, ढाका किंवा अगरतळ्यापर्यंतच्या खेपा हे सगळं खेड्यातल्या म्हातारीला जमणार आहे का? तिच्यासाठी हाच एक दिवस. असे लोक बरेच होते त्या दिवशी आणि पोलीसही त्यांना फारसं हटकत नव्हते, हे मला फार आवडलं.

आता कापलेल्या स्टारबद्दल.

पहिलं म्हणजे आठवड्यातून एकच दिवस. भाजी, फळं, दूध असलं काही विकणाऱ्या माणसाला एका दिवसावर कसं परवडेल? उरलेला माल परत न्यायचा, पुढच्या आठवड्यापर्यंत तो टिकत नाही, म्हणून हळूहळू तिथे टिकाऊ, पॅकबंद मालच जास्त दिसतो. करारात मूळ कल्पना होती की स्थानिक पिकवलेलं आणि बनवलेलं विकायचं, भाजीपाला, फळं, मसाले, बांबू, झाडू बनवायचं गवत, गमछा, लुंगी, कोयते, कुदळी, नांगर. यादी वाचली की कळतं की ती शेतकरी आणि कारागिरासाठीच केली होती. नंतर यादीत कॉस्मेटिक्स, प्लास्टिक, अॅल्युमिनियमची भांडी, स्टेशनरी वगैरे वाढलं, त्यात वाईट काही नाही कारण लोकांना तेच हवंय, पण त्रिपुराच्या बाजूला मी स्थानिक माणसाने स्वतः बनवलेलं असं शोधत फिरले आणि फारच थोडं सापडलं. त्रिपुरात बांबूचं इतकं सुंदर काम होतं, अननस आहे, मध आहे, हातमाग आहे, ते या बाजारात ठळकपणे दिसायला पाहिजे. दोन दिवस हाट भरवा, एक दिवस निव्वळ ताज्या मालाला द्या, बघा कसं बदलतं.

दुसरं म्हणजे विक्रेत्यांची संख्या. सुरुवातीला प्रत्येक देशाचे २५, नंतर ५०. पन्नास घरांचं भलं झालं हे छानच, पण पाच किलोमीटरच्या पट्ट्यात गावं किती, माणसं किती! ज्यांना कार्ड नाही मिळालं ते कुंपणाबाहेर उभे राहून बघतात. विक्रेते निवडते ती हाट मॅनेजमेंट कमिटी, अतिरिक्त जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात, शिवाय पोलीस, कस्टम्स, सीमा दल आणि गावपातळीचा एक प्रतिनिधी, अशी दोन्ही देशांची कमिटी. रचना चांगली आहे, स्थानिक प्रश्न दिल्ली-ढाक्याला न पाठवता तिथल्या तिथे सुटावा म्हणूनच ती केलीय. पण मग ठरावीक काळाने विक्रेते आळीपाळीने बदलले तर जास्त घरांपर्यंत पोचेल ना. आणि बायका! गिऱ्हाईकांमध्ये भरपूर बायका होत्या पण गाळ्यावर बसलेल्या अगदीच मोजक्या. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या, मासे सुकवणाऱ्या बायका आणि गाळ्यावर पुरुष, हे मनाला पटत नाही. काही गाळे बायकांसाठीच ठेवावेत आणि मुख्य म्हणजे त्यांना दिवसभर बसता येईल अशा सोयी कराव्यात, म्हणजे स्वच्छ टॉयलेट, पाणी, लेकराला घेऊन बसायला सावली. सीमेवरच्या कुठल्याही बाजारात पहिला खर्च यावर व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, खरेदीची मर्यादा. आधी माणशी दिवसाला ५० डॉलर होती, मग १००, आणि २०१७ मध्ये नव्याने करार झाला तेव्हापासून २००. मी गेले तेव्हाच्या भावाने चौदा हजार रुपयांच्या आसपास. घरच्या खरेदीला ही रक्कम भरपूर आहे त्यामुळे मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही, उलट मर्यादा असावीच. मात्र घाऊक व्यापारी काय करतात तर गावातल्या चार-पाच कार्डवाल्यांना पैसे देऊन त्यांच्या नावावर माल उचलतात आणि बाहेर एकत्र करून पुढे विकतात. नियम मोडला असं कागदावर दिसत नाही पण हाट ज्याच्यासाठी आहे तो माणूस पुन्हा हमालच राहतो. तपासणीच्या टेबलावर नेहमी तेच चेहरे, त्याच मालाची खोकी दिसत असतील तर विचारायला नको का?

आणि चौथी गोष्ट, जी बांगलादेशच्या बाजूचे विक्रेते मोकळेपणाने सांगतात. त्यांची विक्री कमी होते. भारताच्या बाजूला झुंबड आणि त्यांच्या बाजूला आमच्यासारखे चार हौशी लोक भाव विचारत फिरणारे. एक कारण म्हणजे भारतीय मालाची ओढ, पण दुसरं कारण म्हणजे आपल्या बाजूने आत येणारी गिऱ्हाईकंच कमी असतात. पास थोडे वाढवले, अगरतळ्याहून येणाऱ्या लोकांना सोपं केलं तर चाचांचं प्लास्टिकही खपेल. दोन्ही बाजूंना फायदा दिसला तरच असा बाजार टिकतो, एका बाजूला वाटलं की आपण नुसते बघे आहोत तर पुढच्या मीटिंगला ते उत्साहाने येणार नाहीत, साधी गोष्ट आहे.

मेघालयातल्या हाटांबद्दल दोन ओळी, कारण लोक विचारतात की तिकडे जावं का. मी स्वतः तिथे गेलेली नाही त्यामुळे स्टार देणार नाही. पण त्यांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. गारो आणि खासी टेकड्यांच्या पायथ्याशी फाळणीच्या कितीतरी आधीपासून असे हाट भरायचे, डोंगरातली माणसं संत्री, पान, सुपारी, मध घेऊन खाली उतरायची आणि मैदानातून तांदूळ, मासे, मीठ घेऊन वर जायची. सीमा आली आणि डोंगरातल्या माणसाला सगळ्यात जवळचा बाजार परदेशात गेला, आपल्या देशातला बाजार कितीतरी लांब. कलाईचरला २०११ मध्ये जे सुरू झालं ते म्हणजे तोडलेली वाट परत जोडणं होतं. २०२१ च्या मार्चमध्ये आणखी तीन हाटांचं उद्घाटन झालं, नालिकाटा, रिंग्कू आणि भोलागंज, तिन्ही मेघालयाच्या बाजूला.

कुणी म्हणेल की सीमेवर व्यापार म्हणजे धोका, बघा काश्मीरमध्ये काय झालं. तिथे नियंत्रण रेषेवरून २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रकने व्यापार सुरू झाला होता, २१ प्रकारचा माल, पैसे नाहीत, फक्त मालाच्या बदल्यात माल, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये सरकारने तो थांबवला, शस्त्रं, ड्रग्ज आणि बनावट नोटा त्यातून येतात या कारणाने. पण फरक बघा ना. तिकडे भरलेले ट्रक एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होते, इकडे पिशवी हातात घेतलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खरेदी करतो आणि आपल्याच गेटाने परत जातो. हाट छोटा आहे, माणसं ओळखीची आहेत, माल पिशवीत मावणारा आहे, हीच त्याची सुरक्षा आहे. म्हणून माझं म्हणणं असं की एकच हाट मोठा करत बसू नका, असेच छोटे हाट जास्त ठिकाणी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जाण्याच्या आधी वाचा. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळे हाट बंद झाले आणि त्रिपुरातला श्रीनगरचा हाट परत सुरू व्हायलाच २०२३ उजाडावं लागलं. शहरातले मॉल उघडले, विमानं उडायला लागली, आणि असा उघड्यावरचा, आठवड्यातून एक दिवसाचा बाजार तीन वर्षं बंद! पन्नास अधिक पन्नास घरांनी काय केलं असेल त्या काळात, आणि रात्रीच्या वाटेवर किती जण परत गेले असतील, याचा विचार कुणी केला होता का हे मला अजून समजलेलं नाही. मग ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्ता बदलली आणि सीमेवरचं वातावरण पुन्हा ताणलं गेलं. त्यामुळे अगरतळ्याला जाऊन, हाट चालू आहे की नाही, वार कोणता, पास कुठे मिळतो, हे विचारल्याशिवाय गाडी ठरवू नका. बंद असला तरी कमलासागरचं तळं आणि मंदिर बघण्यासारखं आहेच, फुकट खेप होणार नाही.

बाकी किरकोळ टिप्स: सुट्टे पैसे न्या, छोट्या नोटा असतील तर दोन्हीकडचे दुकानदार खुश. रुपये दिले तर उरलेले पैसे बांगलादेशी टाकात परत मिळू शकतात, हिशोब आधी तोंडी करून घ्या. मोठी बॅग नको, कापडी पिशवी बरी, तपासणीत वेळ जात नाही. शुटकी घेणार असाल तर दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि घट्ट झाकणाचा डबा हवाच, नाहीतर विमानतळापर्यंत गाडीतले सगळे तुमच्यावर रागावतील. भाव करा पण फार ताणू नका, आठवड्याचा एकच दिवस असतो त्यांचा. लोकांचे, विशेषतः नातेवाईकांना भेटायला आलेल्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि काही ना काही बांगलादेशच्या बाजूने विकत घ्याच, एखादा गमछा घेतलात तरी चालेल, बघून नुसते परत फिरू नका.

हाट आठवड्यातून दोन दिवस झाला आणि गाळ्यांवर बायका दिसायला लागल्या की पाचवा स्टार द्यायला मी परत जाईन.